केरबाची जास्वंद

आंबेवळण नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा, ते आधीच सांगत नाही. तुमचं तुम्हालाच कळेल.

केरबाला सांगितलेलं काम तो करायचाच. सांगितलं तसं करायचा. सांगितलं तेवढंच करायचा. आणि एकदा एखादी गोष्ट ध्यानात ठेवली की मरेपर्यंत विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती.

गावात धोंडीअण्णांची पिठाची गिरणी होती. एकदा केरबा जोंधळ्याचा डबा घेऊन दळायला गेला. अण्णा म्हणाले, "दळण होईपर्यंत इथंच थांब." तेवढ्यात लाइट गेली. ती दोन दिवस आली नाही. केरबा दोन दिवस थांबला. अण्णा घरी गेले, जेवले, झोपले, उठले, परत आले, तरी केरबा डब्याशेजारी बसलेला. अण्णांची मुलगी हौसा त्याला दोन्ही दिवस भाकरी आणून देत होती. ती आधी पोट धरून हसली. मग तिच्या मनात आलं, जो माणूस डब्यासाठी दोन दिवस बसतो, तो बायकोला कधी सोडून जायचा नाही. आणि हौसानं मनाशी ठरवूनच टाकलं.

केरबाची आई तान्हूबाई, तिनं हे ओळखलं आणि अण्णांकडे शब्द टाकला. अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. अण्णांना जगात दोनच गोष्टी प्याऱ्या होत्या. एक हौसा आणि दुसरी गिरणीच्या दारातली लालभडक जास्वंद. रोज गणपतीला तिचंच फूल जायचं.

"असं बघ केरबा," अण्णा म्हणाले, "या जास्वंदीची एक फांदी तुला देतो. ती लाव, जगव. माघातल्या गणेशजयंतीला, आरतीच्या आधी, तुझ्या हातच्या झाडाचं एक फूल मला आणून दे. एकच. आणलंस तर हौसा तुझी. नाहीतर सोनगावच्या दुकानदाराचा मुलगा सांगून आलाच आहे. ज्याला एक झाड सांभाळता येत नाही, त्याच्या घरी मी माझी पोरगी द्यायची कशी?"

"बरोबर आहे," केरबा म्हणाला. त्याला ते अगदी पटलं.

अण्णांनी वीतभर फांदी तोडून दिली. म्हणाले, "मातीत खोच, पाणी घाल, आणि मुळं फुटली की मला येऊन सांग."

केरबानं पत्र्याच्या डब्यात माती भरली, फांदी खोचली, पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उपटून बघितली. मुळं नव्हती. परत खोचली. दुपारी उपटली. नव्हती. संध्याकाळी उपटली. मुळं फुटली हे अण्णांना सांगायचं, तर बघायला नको का? आठ दिवसांत फांदी वाळून काडी झाली.

अण्णा गिरणीतच ओरडले, "अरे गाढवा! सारखं उपटून बघतात होय? एकदा लावलं की आठ दिवस ढुंकूनसुद्धा बघायचं नाही! पहिले आठ दिवस डोळे मिटून राहायचं, तेव्हा कुठं ते रुजतं!"

"असं होय!" केरबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

अण्णांनी दुसरी फांदी दिली. ती लावून केरबा डब्याकडे पाठ करून बसला.

त्याच दिवशी तान्हूबाईनं चुलीवर दूध ठेवलं. "केरबा, मी विहिरीवर जाऊन येते. दुधाजवळ बस रे." केरबा बसला. पण दूध नुकतंच ठेवलेलं. आठ दिवस ढुंकून बघायचं नाही. त्यानं डोळे घट्ट मिटले. दूध उतू गेलं, चूल विझली, घरभर धूर झाला, आणि केरबा डोळे मिटून खोकत बसला.

"अरे माझ्या कर्मा!" तान्हूबाईनं घागर आपटली. "बघायचं असतं रे! आणि वर यायला लागलेलं दिसलं की झटकन खाली उतरवायचं!"

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

आठ दिवस संपले. केरबानं वळून बघितलं, तर काय! फांदी रुजली होती. दोन पानं फुटली होती, आणि मधोमध कोवळा हिरवा शेंडा वर येत होता. केरबाचा आनंद त्या डब्यात मावेना. पण शेंडा वर येतोय म्हटल्यावर वेळ घालवून कसं चालेल? डबा उंच कट्ट्यावर होता. त्यानं तो झटकन खाली उतरवला आणि अंगणात ठेवला.

अंगणात चिंगी होती. चिंगी म्हणजे त्यांची शेळी. तिनं एकदा डब्याकडे बघितलं, एकदा केरबाकडे बघितलं, आणि शेंडा खाल्ला.

केरबा रडत रडत डबा घेऊन गिरणीत गेला. अण्णांनी चष्मा पुसून बघितलं आणि एकदम खूश झाले. "वा रे पठ्ठ्या! शेंडा खुडलास?"

"मी नाही खुडला. चिंगीनं खाल्ला."

"कुणी का खाईना! आता बघ कसे चहूबाजूंनी फुटवे येतील. लक्षात ठेव, विरळ असेल ते दाट करायचं तर शेंडे खुडायचे."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

हसू नका, अजून पुढंच आहे.

दुसऱ्या दिवशी तान्हूबाईनं केरबाला कात्रीला धार लावायला पाठवलं. धार लावून येताना वाटेत पारावर गुणाजी पाटील बसले होते. पाटलांच्या मिशीबद्दल काय सांगावं! रुंद चेहरा, भारदस्त आवाज, आणि मिशी बघावी तर दोन्ही बाजूंना मोजून दहा-बारा केस. "किती तेलं चोळली रे केरबा," पाटील म्हणाले, "पण ही काही दाट व्हायचं नाव घेत नाही." एवढं बोलून पाटलांनी पारावरच पाठ टेकली आणि त्यांचा डोळा लागला.

केरबाला पाटलांची फार कणव आली. हातात कात्री होतीच, आणि तीसुद्धा धारेची. त्यानं डावीकडचा शेंडा खुडला. मग उजवीकडचा खुडला. मग वाटलं, मधलेही खुडावेत, फुटवे सगळीकडून येऊ देत.

पाटील जागे झाले. त्यांनी सवयीनं मिशीला पीळ द्यायला हात नेला. हात हवेतच फिरला.

त्यानंतर पाटील काय काय बोलले ते मुलांसमोर सांगण्यासारखं नाही. शेवटचं तेवढं सांगतो. "अरे मुडद्या, विचारल्याशिवाय हात लावायचाच नाही! समोरचा 'हो' म्हणाला तरच लावायचा! समजलं?"

"असं होय!" केरबा पळता पळता म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

दिवाळी गेली, थंडी पडली. डब्यातून काढून अंगणात लावलेली जास्वंद आता गुडघ्याएवढी झाली होती, चांगली भरली होती. आणि मग तिच्यावर पांढरी कीड पडली. फांद्यांच्या बेचक्यांत, पानांच्या पाठीला, जणू कुणी पीठ भुरभुरलंय.

केरबाला ती दिसली. पुसून काढावी असं त्याला फार वाटलं. पण विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तो झाडासमोर हात जोडून उभा राहिला.

"हात लावू का?"

झाड गप्प.

दुसऱ्या दिवशी त्यानं परत विचारलं. तिसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं विचारलं. चौथ्या दिवशी, आपलं काही चुकलं असेल म्हणून, माफी मागून विचारलं. तोवर कीड शेंड्यापर्यंत पोचली होती आणि पानं मुडपायला लागली होती.

पाचव्या दिवशी हौसा पिठाचा डबा पोचवायला आली. केरबा झाडाला विनवण्या करतोय हे तिनं बघितलं आणि डबा तिथंच खाली ठेवला. झाड गेलं तर फूल गेलं, आणि फूल गेलं तर सोनगावचा दुकानदार. त्या दुकानदाराचा मुलगा तिनं एकदा बघितला होता. तो बोलताना स्वतःचंच नाव घ्यायचा.

"अहो, झाड कुठं बोलतं होय?" हौसा म्हणाली. "विचारत बसू नका. पांढरं दिसलं की साबणाचं पाणी मारायचं. वरून मारायचं, खालून मारायचं. कुणी काही म्हणो, सगळं पांढरं जाईपर्यंत थांबायचं नाही."

"असं होय! आता ध्यानात ठेवतो."

रंगपंचमीची पितळी पिचकारी माळ्यावर होती. केरबानं बादलीभर साबणाचं पाणी केलं आणि दोन दिवस झाड असं धुतलं की एक किडा शिल्लक राहिला नाही. पानं लखलखीत झाली. हौसाचं म्हणणं खरं ठरलं. पिचकारी भरून ठेवून केरबा समाधानानं ओट्यावर बसला.

झाड कसं आहे ते बघायला त्याच वेळी अण्णा आले. सरळ गिरणीतून आले. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. टोपी पांढरी, भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या.

केरबा बघतच राहिला. एवढी कीड त्यानं जन्मात बघितली नव्हती.

"काय केरबा, झाड काय म्ह..."

पहिली पिचकारी तोंडावर बसली.

"अरे! थांब! अरे मी आहे!"

"थांबायचं नाही," केरबा दुसरी भरत म्हणाला. "कुणी काही म्हणो."

त्यानं वरून मारलं, खालून मारलं, अण्णा पळाले तेव्हा पाठीमागून मारलं. पीठ भिजलं आणि अण्णांची अंगावरच कणीक झाली. मिशांचे दोन गोळे झाले. त्या दिवशी गिरणीत गव्हाचं दळण होतं, हे सगळ्या गल्लीला कळलं.

"खबरदार!" अण्णा फाटकाबाहेरून ओरडले. डोळे उघडत नव्हते म्हणून चुकून म्हशीकडे तोंड करून ओरडले. "गणेशजयंतीला फूल आणलंस तर आणलंस. नाही आणलंस, तर त्याच दिवशी त्याच मांडवात सोनगावच्या लोकांना पानसुपारी देतो की नाही बघ!"

हे ऐकून केरबा मात्र हबकला. त्याला चिडलेले अण्णा दिसत नव्हते. त्याला हौसाची भाकरी आठवत होती. दोन दिवस तिनं ती गरम गरम आणली होती, आणि एकदाही 'घरी जा' म्हणाली नव्हती.

पौष अर्धा सरला. झाडाला एक कळी आली. एकच. रोज केरबा तिच्याकडे बघायचा आणि रोज ती जरा फुगलेली असायची. गणेशजयंतीच्या आदल्या दिवशी कळीच्या टोकाला लाल रंग दिसला.

"उद्या उमलणार बघ!" तान्हूबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "आता एवढा एक दिवस सांभाळ. झाडाभोवती काट्याचं कुंपण घाल. आणि नीट ऐक. ती शेळी बाहेरून आत येता कामा नये."

केरबानं बाभळीच्या काट्या आणल्या. संध्याकाळपर्यंत खपून असं कुंपण घातलं की मांजर शिरेल तर शपथ. स्वतःला येण्याजाण्यापुरतं त्यानं एक दार बसवलं, काट्यांचंच, आणि तेही सुतळीनं बांधलं. चिंगी त्या वेळी झाडाच्या बुंध्याशीच रवंथ करत बसली होती. तिच्याभोवतीसुद्धा कुंपण नीट बसलं. ती बाहेरून आत येत नव्हतीच. ती आतच होती. तिच्याबद्दल आई काही बोलली नव्हती.

पहाटे केरबा उठला. फूल उमललं होतं! तळहाताएवढं, लालभडक, मधला तुरा डौलात पुढं आलेला. केरबानं हात जोडले. देवाचं फूल पारोशानं तोडायचं नसतं, म्हणून तो आंघोळीला गेला. चार तांबे अंगावर घेतले, धुतलेलं धोतर नेसला, परत आला.

देठ होता. फूल नव्हतं. चिंगी तोंड हलवत होती.

केरबा मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तान्हूबाई धावत आली, बघितलं, आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण आईच ती. घटकाभरात सावरली.

"ऊठ. रडू नको. शेजारी सुंद्राकाकूकडं हीच जास्वंद आहे, अण्णांच्याच फांदीची. तिचं एक फूल मागून आणते. ते घेऊन जा."

"ते माझ्या हातचं नाही, आई."

"अरे, कोण विचारतंय!"

"अण्णांनी माझ्या हातचं सांगितलंय."

आईनं सांगून बघितलं, रागावून बघितलं. केरबा हलला नाही. तो चिंगीकडे बघत होता. बघता बघता त्यानं डोळे पुसले. फूल गेलं गेलं म्हणून आपण रडतोय, पण ते गेलं कुठं? कुठंच गेलं नाही. कुठं आहे ते तर चांगलं ठाऊक आहे!

गिरणीच्या अंगणात छोटा मांडव होता. पाटावर गणपती होता. सोनगावची मंडळी कडक इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. आरतीचं तबक तयार होतं. हौसा दाराआड उभी राहून रस्त्याकडे बघत होती. केरबा आला. घामाघूम झालेला, आणि खांद्यावर चिंगी.

"फूल कुठंय?" अण्णांनी विचारलं.

"आणलंय."

"कुठंय?"

"आत आहे."

"कशाच्या आत?"

"चिंगीच्या."

मांडवात हसण्याचा स्फोट झाला. सोनगावचा दुकानदार तर उपरणं तोंडात कोंबून हसला. अण्णांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर चिंगीच्या दाढीकडे गेली. दाढीत एक लाल पाकळी अडकली होती. अण्णांनी ती अलगद काढली, बोटांत धरली, उजेडात फिरवून बघितली.

"माझ्याच झाडाची पोर," ते हळू आवाजात म्हणाले. मग केरबाकडे बघून म्हणाले, "अरे शहाण्या, तुझ्या शेजारी सुंद्राबाईकडं हीच जास्वंद आहे. तिचं फूल आणून दिलं असतंस तर मला कळलंसुद्धा नसतं."

"मला कळलं असतं की," केरबा म्हणाला.

मांडवातलं हसणं थांबलं. दाराआड हौसानं पदर डोळ्यांना लावला. अण्णांनी ती पाकळी गणपतीच्या पायाशी ठेवली, सोनगावच्या मंडळींना पोटभर जेवूनच जा म्हणून आग्रह केला, आणि केरबाच्या पाठीवर थाप मारली.

"झाड जगवलंस. फूल आलं. पोटात का होईना, पण आणलंस. हौसा तुझी! फक्त एक कर. त्या झाडाला जसं जपलंस, अगदी तसंच माझ्या पोरीला जप. पहिल्या दिवसापासून."

"असं होय!" केरबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

"अण्णा," हौसा आतून म्हणाली, "हे काय सांगून बसलात!"

पण सांगून झालं होतं.

वैशाखात त्याच अंगणात लग्न लागलं. केरबा मुंडावळ्या बांधून पाटावर उभा. मध्ये अंतरपाट, पलीकडे हौसा. मंगलाष्टकं झाली, 'सावधान' झालं, अंतरपाट बाजूला झाला. हौसानं पटकन केरबाच्या गळ्यात हार घातला आणि वर बघितलं. केरबानं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"अहो, डोळे उघडा," हौसा कुजबुजली.

"आठ दिवस नाही."

"अहो, सगळे बघतायत!"

"बघू देत. मी बघणार नाही. तुला आमच्या घरी नीट रुजू दे."

हौसा आजही हे सांगताना इथं थांबते, आणि तोंडाला पदर लावून हसून घेते. त्या दिवशी मात्र तिला हसावं की रडावं ते कळेना. गुरुजी ओरडायला लागले, "अहो नवरदेव, हार घाला, मुहूर्त चालला!" वऱ्हाड ओरडायला लागलं. अण्णांना राहवेना. ते पाटांच्या मध्ये घुसले, हौसाला बाजूला सारलं आणि केरबाचे दोन्ही खांदे धरून गदागदा हलवले. "अरे मुडद्या, समोर बघ की! समोर!"

समोर कुणीतरी आहे, एवढं केरबाला समजलं. त्यानं दोन्ही हात उचलले आणि मोठ्या प्रेमानं हार घातला.

हार घातलेला दिसताच वाजंत्री सुरू झाली. ढोल धडधडला, सनई लागली, चारी बाजूंनी अक्षतांचा पाऊस पडला. हार नीट बसवावा म्हणून केरबानं डोळे मिटूनच हात वर नेला, तो गालाला लागला, आणि गालावरून मिशीला लागला. चांगली भरघोस, दाट मिशी.

केरबानं ती परत एकदा चाचपून बघितली. हौसाचं हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. पण त्याची माया काही कमी झाली नाही. तो पुढं वाकला आणि अण्णांच्या कानात हळूच म्हणाला,

"असू दे, हौसा. तू जशी आहेस तशी मला चालशील. फक्त शेंडे कुणाला खुडू देऊ नकोस. उगाच आणखी दाट होतील."